न दिलेला जबाब

दोन नोव्हेंबरच्या सायंकाळी मेणबत्त्या आणि फुले घेऊन दफनभूमीत जायचे, ही आम्हां कॅथलिक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आम्ही मूळचे वसईकडचे. तिकडे त्या संध्याकाळी दफनभूमी अशी उजळून निघते की पाय ठेवायला जागा सापडू नये. नोकरीच्या निमित्ताने आम्ही परभणीस आलो आणि निवृत्तीनंतरही येथेच राहिलो. येथे आमची घरे मोजकी, थडगीही मोजकी. त्यामुळे प्रत्येकापाशी थांबून त्या माणसाचे नाव घ्यायला सवड मिळते. नावे संपतात, मेणबत्त्या उरतात, आणि उरलेल्या पिशवीत घालून आम्ही घरी येतो.

या दिवसाला आणखी एक नाव आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका कोपऱ्यात चार ओळी होत्या. दोन नोव्हेंबर हा संयुक्त राष्ट्रसंघाने पत्रकारांवरील गुन्ह्यांबाबतची 'दंडमुक्ती' संपविण्याचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून ठरविला आहे, असे त्यांत म्हटले होते. आंतरराष्ट्रीय दिनांची आता गर्दी झाली आहे. चहालाही एक दिवस नेमून दिलेला आहे. परंतु हा दिवस आमच्या मृतांच्या दिवशीच यावा, याचे नवल वाटले म्हणून आम्ही थोडी चौकशी केली. २ नोव्हेंबर २०१३ रोजी आफ्रिकेतील माली देशात, किदाल या गावी, गिसलेन द्यूपों आणि क्लोद व्हर्लों या दोन फ्रेंच नभोवाणी-पत्रकारांचे अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आले. त्याच डिसेंबरात राष्ट्रसंघाच्या आमसभेने हा दिवस मुक्रर केला. 'दंडमुक्ती' हा शब्द मात्र आमच्या जिभेवर बसेना. गुन्हा करणाऱ्याला शिक्षेचे भयच उरू नये, असा त्याचा अर्थ. आमच्या परभणीत यासाठी साधा शब्द आहे : मोकाट सुटणे.

तो शब्द मनात आला आणि एक माणूस आठवला. तो माणूस हयात आहे, म्हणून दफनभूमीत त्याचे नाव घेण्याचा प्रश्न नव्हता.

ही गोष्ट १९९७ सालच्या उन्हाळ्यातील. हिंगोलीही तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. शेतीविषयक कामामुळे आम्हांला गावोगावी हिंडावे लागे. गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी एक गृहस्थ वार्ताहर होते. वार्ताहर म्हणजे पगारी माणूस अशी वाचकांची समजूत असेल तर ती दूर करणे बरे. त्यांचे वह्या-पुस्तकांचे लहानसे दुकान होते. त्याच दुकानात वर्तमानपत्राची एजन्सी होती. पहाटे गठ्ठा उतरवून घ्यायचा, पोरांकरवी अंक वाटायचे, महिनाअखेरीस वसुली करायची आणि या सगळ्यांतून वेळ उरला की बातमी लिहायची. बातमीचे मानधन पोस्टेजलाही पुरत नसे. खरे उत्पन्न जाहिरातींच्या कमिशनचे. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस आले की ते पावतीपुस्तक घेऊन फिरत. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांच्याच दारात शुभेच्छांची जाहिरात मागायला उभे राहायचे. जिल्ह्याच्या पत्रकारितेचे हे दुखणे शहरातल्या संपादकांना ठाऊक असते. ते त्यावर अग्रलेख लिहीत नाहीत, इतकेच.

तरीही त्या गृहस्थांनी त्या उन्हाळ्यात वाळूची बातमी लिहिली. लिलाव एका जागेचा आणि उपसा भलतीकडेच, रात्री नदीपात्रात किती ट्रक उतरतात, पाणवठ्याच्या विहिरी कशा आटल्या, असे सगळे त्यांनी स्वतः पात्रात उभे राहून मोजून लिहिले होते. बातमी तीन भागांत यायची होती. दोन भाग आले.

तिसऱ्या भागाच्या आदल्या दिवशी आम्ही त्या गावी होतो. काम आटोपून परभणीच्या एस.टी.ची वाट पाहत बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. समोर त्यांचे दुकान. एक जीप येऊन थांबली, चौघे उतरले. त्यांतल्या एकाने आमच्याच टपरीवर पाणी मागून घेतले, चूळ भरली आणि मग तो दुकानाकडे गेला. पुढचे सारे पाच मिनिटांत आटोपले. वह्यांचे गठ्ठे रस्त्यावर फेकले. त्या गृहस्थांना फळीवरून खाली ओढले. हॉकीची काठी होती. उजवा हात रस्त्यावर दाबून धरून त्यावर ती काठी मारताना आम्ही पाहिली. टपरीवर दहा-बारा माणसे होती. चहा ओतायचा थांबला होता, एवढाच काय तो आमचा सर्वांचा निषेध. जीप गेली. आमची एस.टी. लागली. आम्ही बसलो.

दहा दिवसांनी ते आमच्या घरी आले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. पोलिसांनी अदखलपात्र नोंद घेऊन वाटेला लावले होते. साक्षीदार दाखवा, मग बघू, असे सांगितले होते. ते म्हणाले, "सर, तुम्ही तं होता तिथं. मी तुम्हाला बघितलं. एवढा जबाब द्या." आत आमच्या पत्नीने चहाचे आधण ठेवले होते, तिचा हात थांबल्याचे आम्हांला बाहेर जाणवले. मुलीची दहावी होती. बदलीच्या याद्या निघायच्या होत्या. या जिल्ह्यात आम्हांला ना भाऊबंद, ना गोतावळा. हे सगळे आम्ही बोललो नाही. आम्ही म्हणालो, "अहो, गर्दी होती. आम्हांला नुसती पाठ दिसली."

त्यांनी आग्रह केला नाही. चहा डाव्या हाताने घेतला. जाताना प्लास्टरकडे पाहून जरा हसले आणि म्हणाले, "शोएबुल्ला खानांचा तं हातच तोडला होता, सर. मपला नुसता मोडला."

हे नाव आमच्या कानावर तेव्हा पहिल्यांदाच पडले. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला, आणि आता मराठवाड्यातल्याही तरुणांना, ते ठाऊक असण्याची शक्यता कमी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात वृत्तपत्र काढणे म्हणजे विस्तवावर बसणे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली सुरू केलेले 'मराठवाडा' हे पत्र सरकारने बंद करावे आणि त्यांनी नाव बदलून ते पुन्हा काढावे, असा खेळ वर्षानुवर्षे चालला होता. आमच्या या वार्ताहरांचे वडील ते अंक लपवून वाचीत आणि वाचून झाले की चुलीत घालीत. नावे वेगळी, पण मजकुराचा वळसा एकच. त्यावरून लोक ओळखत, असे ते सांगत.

शोएबुल्ला खान हे हैदराबादेतील 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. वय अवघे सत्तावीस. संस्थान भारतात विलीन व्हावे, अशी त्यांची उघड भूमिका होती. रझाकारांच्या अत्याचारांवर ते उर्दूत लिहीत, म्हणजे ज्यांनी वाचायला हवे होते त्यांच्याच भाषेत लिहीत. विलीनीकरणाची मागणी करणाऱ्या सात मुस्लिम गृहस्थांचे निवेदनही त्यांनी छापले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा आपल्या लातुरात वकिली केलेला माणूस. विरोधात उठणारा हात छाटला जाईल, अशी भाषा जाहीर सभेतून होऊन गेलेली होती. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री शोएबुल्ला कचेरीतून घरी जात असताना काचीगुड्याजवळ त्यांना गाठले. गोळ्या घातल्या, आणि लिहिणारा हात तोडला. पहाटे त्यांचा अंत झाला. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत निजामाचे राज्य संपले.

या हकिकतीतला जो माणूस आम्हांला नंतर वर्षानुवर्षे छळत राहिला, तो शोएबुल्ला नव्हे. त्यांच्यासोबत त्या रात्री त्यांचे मेहुणे इस्माईल खान चालत होते. ते पळून गेले नाहीत. मधे पडले, आणि त्यांचाही हात गेला.

शोएबुल्ला गेले त्याच वर्षी, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. कोणत्याही माध्यमातून, सरहद्दींचा अडसर न मानता माहिती मिळविण्याचा आणि देण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, असे त्याच्या एकोणिसाव्या कलमात मान्य केले गेले. आणि आमच्या परिचिताचा हात मोडला त्या १९९७ सालीही, नोव्हेंबरात, युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने पत्रकारांवरील हिंसेचा निषेध करणारा ठराव केला. पत्रकार मारला गेला की युनेस्कोचे महासंचालक तेव्हापासून जाहीर निषेध करतात, आणि त्या त्या सरकारला तपासाचे काय झाले अशी विचारणा होते. २०१२ साली राष्ट्रसंघाने यासाठी एक सर्वंकष कृतियोजना आखली. युद्धभूमीवरील पत्रकार हा नागरिकच समजावा, त्याला लक्ष्य करू नये, असे सुरक्षा परिषदेने २००६ आणि २०१५ साली बजावले. न्यूयॉर्कची पत्रकार संरक्षण समिती १९८१ पासून अशा घटनांची नोंद ठेवण्याचे काम करीत आली आहे. फ्रान्समध्ये १९८५ साली स्थापन झालेली एक संघटनाही तेच काम करते. हे सारे आम्ही पुढे सवडीने वाचले. थोरामोठ्यांनी काही केलेच नाही, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहिली नाही.

युनेस्कोचा एक आकडा मात्र सांगण्यासारखा आहे. पत्रकारांच्या ज्या हत्या होतात, त्यांतील किती प्रकरणांचा न्यायालयीन निकाल लागत नाही, याचा हिशेब ते ठेवतात. कृतियोजना झाली तेव्हा शंभरांतली पंचाण्णव प्रकरणे अशी होती. २०२४ च्या अहवालात ती पंच्याऐंशी झाली. बारा वर्षांत दहा. हा आकडा फक्त मेलेल्यांचा आहे. मोडलेल्या हातांचा हिशेब कोणत्याही देशाला द्यावा लागत नाही. आणि मारले जाणारे बहुतेक पत्रकार परदेशी रणांगणावरचे, छातीवर पोलादी जाकीट घातलेले नसतात; आपल्याच गावातल्या भानगडींविषयी लिहिणारे असतात.

आपल्या राज्यात निकाल लागलेले एक प्रकरण सर्वांच्या स्मरणात आहे. मुंबईच्या 'मिड-डे'चे गुन्हे वार्ताहर ज्योतिर्मय डे यांना ११ जून २०११ रोजी पवईत भर दिवसा गोळ्या घातल्या. २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली. सात वर्षे लागली. पण मुंबईतील नामांकित पत्रकार आणि देशभर गाजलेला खटला यांचा मापदंड तालुक्याच्या गावाला लावता येत नाही.

आमच्या मनाला जी गोष्ट खरोखर लागली, ती वेगळ्याच दिशेने आली. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये दहा जणांना संतपद दिले. त्यांत आपले देवसहायम पिल्लई होते, म्हणून आम्ही दूरदर्शन संच लावून बसलो होतो. आपल्या माणसाचे नाव ऐकायला आतुरलेल्या आम्हांला त्याच यादीतले आणखी एक नाव जवळजवळ ऐकूच आले नाही : तीतुस ब्रांड्स्मा. हे हॉलंडमधील कार्मेल संघाचे धर्मगुरू, प्राध्यापक आणि तेथील कॅथलिक पत्रकारांचे आध्यात्मिक सल्लागार. नाझींनी हॉलंड व्यापल्यावर त्यांच्या पक्षाच्या जाहिराती छापण्याची सक्ती वृत्तपत्रांवर झाली. त्या छापू नका, हा बिशपांचा निरोप घेऊन फादर तीतुस गावोगावच्या संपादकांना स्वतः भेटत फिरले. १९ जानेवारी १९४२ ला त्यांना अटक झाली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आमचे परभणीकर मोठ्या ठसक्यात म्हणतात. त्या जर्मनीतल्या डाखाव येथील छळछावणीत २६ जुलै १९४२ रोजी त्यांना विषारी सुई टोचून मारण्यात आले.

ती सुई टोचणाऱ्या परिचारिकेला त्यांनी आपली जपमाळ दिली होती. मला प्रार्थना येत नाही, असे ती म्हणाली होती. युद्ध संपल्यावर, संतपदाच्या चौकशीत, हीच बाई पुढे आली आणि आपल्या हातून काय घडले ते तिने शपथेवर सांगितले.

येथे आम्ही वाचायचे थांबलो. आम्ही कोणाला मारले नव्हते. आम्ही तर केवळ चहा पीत बसलो होतो. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे, आणि आपण खोटे बोललो असे इतकी वर्षे आम्हांला वाटलेच नव्हते. म्हणून प्रायश्चित्त संस्काराच्या वेळीही ही गोष्ट आमच्या ओठांवर आली नव्हती. पाठ दिसली, हे खरेच होते. पाठीच्या आधी तोंड दिसले होते. पाण्याचा पेला हातात घेऊन त्या माणसाने आमच्याकडे पाहिलेही होते.

तरी आणखी काही महिने गेले. मग ६ फेब्रुवारी २०२३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळ शशिकांत वारिशे यांना महामार्गावर एका वाहनाने चिरडले. दुसऱ्या दिवशी ते गेले. 'महानगरी टाइम्स'मधून ते बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी आणि तेथील जमिनींच्या व्यवहारांविषयी लिहीत. त्याच सकाळी त्यांची एक बातमी छापून आली होती. ज्याच्याविषयी ती होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. राज्यभर पत्रकार रस्त्यावर उतरले, खुनाचे कलम लागले, विशेष तपास पथक नेमले गेले. मरण आल्याशिवाय हे सारे हलले असते का, असा प्रश्न आमच्या मनात आला. त्याच आठवड्यात आम्ही एस.टी.ने गोदाकाठी गेलो.

दुकान आता मुलगा चालवतो. झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज, पासपोर्ट फोटो. वर्तमानपत्रांची एजन्सी अजून आहे, गठ्ठा पूर्वीच्या निम्मा. ते आतल्या खुर्चीवर बसले होते. आम्हांला ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही. वाळूच्या बातमीचा तिसरा भाग कधीच छापून आला नाही, हे आम्हांला माहीत होते. नंतर पंचवीस वर्षे त्यांनी निवड, सत्कार, निधन, गारपीट आणि बाजारभाव लिहिले. दर सहा जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'च्या दिवशी, त्यांना शाल आणि नारळ मिळत गेला. शालींचा ढीग दाखवून ते म्हणाले, "थंडी काही वाजत नाही, सर."

आम्ही कायद्याचा विषय काढला. पत्रकार हल्लाविरोधी कृती समितीने कित्येक वर्षे पाठपुरावा केल्यावर एप्रिल २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने पत्रकार संरक्षणाचा कायदा केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ च्या अखेरीस लागू झाला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. आम्ही हे मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "वाचलाय मी. पत्रकारिता हाच ज्याचा मुख्य व्यवसाय, अन् जो नोकरीवर किंवा करारावर नेमलेला, तो पत्रकार. मपला मुख्य व्यवसाय वह्या विकायचा. अन् नेमणुकीचा कागद मला कधी कोणी दिलाच नाही. आमच्यासारख्याला मारलं तं ते दुकानदाराला मारलं असं होतंय, बगा."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. कायदा करणाऱ्यांनी मुंबईतला बातमीदार डोळ्यांसमोर ठेवला असावा, असे आमचे मत आहे. जिल्ह्याचे पान ज्याच्या जिवावर भरते, तो त्यांना दिसलाच नाही.

आम्ही येण्याचे कारण सांगितले. ते गप्प राहिले. मुलाने यंत्रातून एक कोरा कागद काढून दिला. आम्ही तारीख घातली, त्या दिवशीची १९९७ ची आणि खाली आजची. टपरी, जीप, चौघे, पाण्याचा पेला, हॉकीची काठी. दोघांची तोंडे आम्ही ओळखली होती आणि नावेही नंतर कळली होती, तीही लिहिली. त्यांतला एक आता या जगात नाही, हे त्यांनीच सांगितले. दुसऱ्याचा मुलगा त्यांच्या दुकानात झेरॉक्स काढायला येतो. वय झाल्याने आमचे अक्षर हलते. दोन ठिकाणी खोडावे लागले. खाली सही केली, पत्ता लिहिला.

त्यांनी कागद घेतला. उजव्या हाताची दोन बोटे अजून वळत नाहीत, म्हणून डाव्या हाताने धरून तो सावकाश वाचला. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "जीप निळी नव्हती, सर. हिरवी होती." आम्ही निळीवर काट मारून हिरवी केले आणि बाजूला पुन्हा सही केली.

"आता याचं काय करू मी?" त्यांनी विचारले. प्रश्नात कडवटपणा नव्हता, खरेच त्यांना विचारायचे होते. आम्ही म्हणालो, ठेवा. त्यांनी गल्ल्याच्या खालचा कप्पा उघडला, जाहिरातींचे जुने पावतीपुस्तक बाहेर काढले आणि त्याच्या पानांत तो कागद घडी करून ठेवला. मुलाने चहा मागवला. तो समोरच्याच टपरीवरून आला. टपरी तीच, माणूस बदललेला. परभणीची साडेपाचची गाडी लागली, ती आम्ही जाऊ दिली.